देणाऱ्याचा पोहरा

रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा १९९३ साली सुरू झाला. तेव्हापासून वीरच्या फलाटावर मी किती तास घालवले असतील याचा हिशोब नाही. गेल्या पावसाळ्यात याच फलाटावर माझ्या वडिलांचे चुलतभाऊ भेटले. तीस वर्षे कुवेतमध्ये काढून परतलेले गृहस्थ. गाडीला उशीर होता. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘‘तू मास्तर होतास. हे जरा चांगल्या मराठीत लिहून दे. वकिलाकडे द्यायचंय.’’

कागदावर तीन ओळी होत्या. मरहूम वालिदसाहेबांच्या ईसाले सवाबसाठी गावात वाचनालयाची इमारत बांधायची आणि दर्शनी भागी त्यांच्या नावाचा दगड बसवायचा. पुस्तके दीनी आणि उर्दू असावीत. वापर जमातीपुरता असावा. मुलींचा उल्लेख कोठेच नव्हता. मनाई नव्हती, उल्लेखच नव्हता.

तीन ओळींची मराठी करायला दहा मिनिटे पुरली असती. पण तो कागद अनेक महिने माझ्या टेबलावर पडून राहिला. कारण त्या तीन ओळींत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ चाचांचा नाही. ज्याने पैसा दिला, त्याचा दिलेल्या वस्तूवर किती हक्क उरतो?

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात विहिरीपासून होते. मदिनेत रूमा नावाची विहीर होती. पाणी गोड, पण मालकीचे. विकत घ्यावे लागे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही विहीर विकत घेऊन लोकांना खुली करणाऱ्यास जन्नतचा वायदा केला आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी ती घेतली. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. मात्र हदीसमध्ये त्या आवाहनाचे जे शब्द आले आहेत, त्यांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. विहीर घेणाऱ्याचा पोहरा इतरांच्या पोहऱ्यांसारखाच राहील, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे देणाऱ्याला पाणी मिळेल, पण पहिला नंबर मिळणार नाही. त्याने विहीर घ्यायची आणि मग बाकीच्यांच्या रांगेत उभे राहायचे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीचेही तसेच. मूळ वस्तू रोखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न वाटावे, असा सल्ला त्यांना मिळाला. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसाहक्काने वाटायची नाही. लाभ कोणाला, तर गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या मुक्तीसाठी, वाटसरूला, पाहुण्याला. वाटसरू म्हणजे ज्याचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही असा माणूस. इस्लामी परंपरेत वक्फच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत हा अनोळखी माणूस हक्काने बसलेला आहे.

पुढे फकीहांनी नियम बांधले. त्यांतला एक प्रसिद्ध नियम असा, की वक्फ करणाऱ्याची अट शरीअतच्या वचनासारखी मानावी. याच नियमाच्या आधाराने शेकडो वर्षे मदरसे, मुसाफिरखाने, कुतुबखाने टिकले. नाहीतर प्रत्येक नव्या मुतवल्लीने आपल्या सोयीने सगळे फिरवले असते. पण याच नियमाने मेलेल्या माणसाची मर्जी जिवंत माणसांवर बसते. इब्ने तैमिया यांच्यासारख्या आलिमांना ही अडचण जाणवली होती. अट समजून घेताना वचनासारखी काळजीपूर्वक वाचावी, पण प्रत्येक अट पाळणे वचनासारखे बंधनकारक नाही, असा अर्थ त्यांनी लावला. हा वाद आजच्या कोणा सुधारकाने बाहेरून आणलेला नाही. तो आपल्या घरातलाच, सातशे वर्षांपूर्वीचा आहे.

आता वीरहून थोडे पुढे येऊ. जवळच दासगाव आहे. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी मुंबईहून बोटीने निघाले, ते दासगावच्या बंदरावर उतरले आणि तेथून महाडला गेले. महाडचा इतिहास आपण पाण्याचा इतिहास म्हणून सांगतो. माझ्या मते तो ‘सार्वजनिक’ या शब्दाचाही इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला लोक प्रत्यक्ष पाणी प्यायला गेले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतरचा दावा बारकाईने पाहण्यासारखा आहे. तळे मुळात खाजगी आहे आणि बहिष्काराची रूढी अनादी आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झाली नसल्याचा निकाल दिला, तेव्हा जवळजवळ दहा वर्षे उलटली होती.

बोले ठरावाच्या यादीत वाचनालयाचे नाव नाही. शिवाय कसोटी होती सरकारी पैशाची. शेटजींच्या देणगीतून उभी राहिलेली वास्तू तिच्यातून सहज निसटू शकत होती. आपल्या कोकणात जुनी वाचनालये पुष्कळ. रत्नागिरीचे १८२८ चे, चिपळूणचे १८६४ चे. पनवेलला के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय, रोह्याला भाटे सार्वजनिक वाचनालय. नावात एक माणूस किंवा एक घराणे, आणि त्याला लागूनच ‘सार्वजनिक’. या दोन शब्दांमध्ये किती अंतर असते, ते पाटीवरून कळत नाही. ज्या पिढ्यांनी वर्गणी गोळा करून, घरचे ग्रंथ देऊन, ओट्यावर बसून ही वाचनालये चालवली, त्यांचे ऋण आहेच. चिपळूणच्या वाचनालयाने तर २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले आणि ते पुन्हा उभे राहिले. पण वर्गणी आणि अनामत हेही एक दारच असते. ज्याच्याकडे अनामतीचे पैसे नाहीत, त्याने टेबलावरचे वर्तमानपत्र वाचायचे आणि कपाटाकडे बघायचे. म्हणूनच मराठीत ‘मुक्तद्वार वाचनालय’ असा वेगळा शब्द करावा लागला. दार मुक्त असते, तर तसे सांगावे कशाला लागले असते? तेराव्या शतकात याकूत हा प्रवासी भूगोलकार मर्व शहरातल्या वक्फ ग्रंथालयांबद्दल लिहून गेला आहे, की त्याच्या घरी एका वेळी दोनशे आणि त्याहून अधिक ग्रंथ असत आणि बहुतेक अनामतीवाचून. तो तिथला रहिवासी नव्हता, वाटसरू होता.

देणगीच्या वाचनालयांबद्दल बोलताना अँड्र्यू कार्नेगीला टाळता येत नाही. त्याच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, बरीचशी लहान गावांत. त्याचा पैसा कसा आला, १८९२ साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संपकऱ्यांचे काय झाले, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय पाहतानाही तो मनात येतो, कारण ससूनची पेढी चीनशी अफूचा व्यापार करी. तो येथे बाजूला ठेवतो. मला महत्त्वाची वाटते ती कार्नेगीची अट. जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने करातून खर्च करावी. दगडावर त्याचे नाव हवेच, असा त्याचा आग्रह नव्हता. म्हणजे त्याची अट घेणाऱ्यांना कामाला लावणारी होती. आत कोणी यावे याबद्दल तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यातच चूक झाली. १९०२ साली अटलांटा शहरात कार्नेगीचे ग्रंथालय उघडले, तेव्हा काळ्या नागरिकांना आत प्रवेश नव्हता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे विद्वान शिष्टमंडळ घेऊन विश्वस्तांकडे गेले. ग्रंथालय चालते ते शहराच्या करावर आणि कर आम्हीही भरतो, मग दार बंद का, असा त्यांचा सवाल होता. महाडच्या चार वर्षे आधीचा बोले ठराव आणि अटलांटातले हे गाऱ्हाणे शेजारी ठेवून वाचावे, इतके सारखे आहे. तिथल्या काळ्या लोकांसाठी वेगळी शाखा निघायला १९२१ साल उजाडले आणि मुख्य ग्रंथालय खुले व्हायला १९५९.

महाडकडे परत येतो, कारण तिथे माझा युक्तिवाद अडखळतो. डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा मंडपासाठी दिली आणि २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली ती तिथे. मार्चमधल्या हल्ल्यातही काहींना मुस्लिम घरांत आसरा मिळाला होता. म्हणजे नगरपालिकेचे सार्वजनिक तळे बंद होते आणि एका माणसाची खाजगी जागा खुली होती. मालकी होती म्हणूनच त्यांना कोणाला न विचारता देता आली. तेव्हा मालकी वाईट आणि सार्वजनिक चांगले, इतके सोपे हे प्रकरण नाही. दार कोणाच्या हातात आहे, याइतकेच तो हात काय करतो, हेही पाहावे लागते.

फत्तेखानांची ही गोष्ट आपण मुस्लिम वक्ते फार अभिमानाने सांगतो. मीही सांगत आलो. एकदा एका सभेत सांगत असताना मध्येच माझा आवाज बसला. लोकांना वाटले, भावना अनावर झाल्या. खरे कारण वेगळे होते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या बाजूच्या एका गावी जमातीच्या खोलीत वाचनालय होते आणि संध्याकाळी मी तिथे बसत असे. देणगीदाराची अट होतीच, जमातीच्या मुलांसाठी. शेजारच्या बौद्धवाडीतला एक मुलगा नोकरीच्या जाहिराती पाहायला यायचा. तो पायरीशी थांबे. ‘‘आत ये’’ असे मी म्हणालो नाही. अट मोडली तर कमिटीत बोलणे होईल, ही भीती. मी खिडकीतून वर्तमानपत्र त्याच्या हातात द्यायचो. तो बाहेर उभ्यानेच वाचून, नीट घडी घालून परत द्यायचा. आपण फार उदार आहोत असे मला तेव्हा वाटत असे! ओंजळीत वरून पाणी ओतणे म्हणजे काय, हे मी पुस्तकांतून वाचले होते, सभांतून सांगत होतो आणि खिडकीतून करत होतो. पुढे तो यायचा बंद झाला. त्याला नोकरी लागली असेल, असे मी स्वतःला सांगितले. चौकशी केली नाही.

चाचांना हे सर्व मी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि जे विचारले ते टाकाऊ नव्हते. ‘‘दार सगळ्यांना उघडं ठेवू. पण पुस्तकं गेली, कपाटाला वाळवी लागली, गावात दोन तट पडले, तर सांभाळणार कोण? आपलं म्हटलं की माणूस झाडून तरी घेतो.’’ यात तथ्य आहे. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. पण ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. सरकार मान्यता आणि अनुदान देते. वाचनालये चालवतात त्या बहुतांशी संस्था आणि विश्वस्त मंडळे. म्हणजे आपलेपणावरच सगळे उभे आहे. अडचण अशी, की आपल्याकडे देणगी भिंतींना मिळते. ग्रंथपालाच्या पगाराला, दरवर्षीच्या नव्या पुस्तकांना सहसा मिळत नाही. भिंतीवर नाव लावता येते, पगारावर कसे लावणार?

नावाला माझा विरोध नाही. उघड दान चांगले आणि गुप्त दान अधिक चांगले, अशी कुराणाची शिकवण आहे; उघड दान वाईट ठरवलेले नाही. मुलाने बापाचे नाव दगडावर कोरावे, यात गैर काय? उर्दूलाही विरोध नाही. पण आपण घरात कोकणी बोली बोलतो, मुले उर्दू शाळेत जातात, आणि तलाठ्याचा दाखला, सातबारा, महाडच्या कोर्टाचे समन्स मराठीत येते. एवढे ओळखणारे वाचनालय एका लिपीचे कसे असेल? आणि मुली? गावात आज सर्वाधिक कोण वाचते, असे चाचांना विचारले, तर ते स्वतःच्या नातीचे नाव सांगतील.

शेवटी मी कागद लिहिला. नावाचा दगड ठेवला. पुस्तके उर्दू, मराठी, इंग्रजी, दीनी आणि इतर, असे केले. कार्नेगीकडून उसने घेऊन एक कलम घातले, की बांधकामाच्या रकमेचा दहावा हिस्सा दरवर्षी गावाने उभा करावा, ग्रंथपाल आणि पुस्तकांसाठी. ‘जमातीपुरता’ हा शब्द काढून ‘येणाऱ्या कोणासही, स्त्री वा पुरुष, न विचारता’ असे लिहिले. ‘न विचारता’ हे दोन शब्द वकील खोडतील, असे मला वाटते.

चाचांनी कागद दोनदा वाचला. ‘‘मग यात माझं काय राहिलं?’’ म्हणाले. मी रूमाच्या विहिरीची गोष्ट पुन्हा काढली. ती त्यांना माझ्याहून चांगली पाठ होती. पोहऱ्याचा भाग त्यांनीच पुरा केला आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. कागद त्यांनी कुवेतला मुलांकडे पाठवला आहे. निम्मा पैसा मुलांचा, म्हणजे त्यांचीही संमती हवी. उत्तर अजून आलेले नाही.

जागेवर चिरे मात्र येऊन पडले आहेत. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी कोठवर चढले होते, ते दोघांनीही पाहिले आहे. चौथरा भरपूर उंच घ्यायचा, याबद्दल आमच्यात वाद नाही. पायऱ्या किती होतील ते गवंडी मोजतो आहे, आणि एका बाजूने उतार ठेवा असे मी त्याला सांगून आलो आहे.