चूक काळाची की माणसाची?



स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फाचे डोंगर, घड्याळे आणि चॉकलेट येतात. जिनिव्हा हे सरोवराकाठचे शहर पायी फिरलो, तेव्हा हे सारे दिसले. पण परत आल्यावर मनात राहिला तो एक दगड. आज त्याच्याविषयी लिहितो.

सरोवरात १४० मीटर उंच उडणारे एक कारंजे आहे. तिथून चढ चढत गेले की जुने शहर लागते. अरुंद दगडी गल्ल्या आणि माथ्यावर संत पेत्राचे कॅथीड्रल. तळघरात उतरले की चौथ्या शतकापासूनच्या ख्रिस्ती प्रार्थनास्थळांचे अवशेष पाहायला मिळतात. १५३५ पर्यंत या कॅथीड्रलमध्ये मिस्सा होत असे. मग धर्मसुधारणेची लाट आली. मूर्ती फोडल्या गेल्या, वेद्या गेल्या. आज आत शिरल्यावर आपल्यासारख्याला ते ओकेबोके वाटते. एका बाजूला एक साधी लाकडी खुर्ची आहे. ती जॉन कॅल्व्हिनची, असे सांगतात.

कॅथीड्रलला लागूनच धर्मसुधारणेचे संग्रहालय आहे. १५३६ साली जिथे नागरिकांनी नवा पंथ स्वीकारला, त्याच जागी ते २००५ साली उघडले. टेकडी उतरून बागेत गेले की शंभर मीटर लांबीची भिंत आणि तिच्यावर चार धर्मसुधारकांचे पाच मीटर उंचीचे पुतळे. ‘अंधारानंतर प्रकाश’ हे शहराचे ब्रीदवाक्य भिंतीवर लॅटिनमध्ये कोरले आहे.

मी तिथून दक्षिणेला शांपेल या भागाकडे निघालो. तिथे मोठ्या रुग्णालयाजवळ, रस्त्याच्या कडेला एक ओबडधोबड शिळा उभी आहे. तिच्यासमोर गर्दी नव्हती.

२७ ऑक्टोबर १५५३ रोजी याच शांपेलला मिगेल सर्वेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आले. रक्त हृदयातून फुप्फुसांत जाऊन परत येते, हे युरोपात पहिल्यांदा छापून सांगणारा हा माणूस. पण त्याने पवित्र त्रैक्याचा सिद्धांत नाकारला होता. कॅल्व्हिनने त्याच्यावरील आरोप तयार केले, नगरसभेने शिक्षा फर्मावली. जाळू नका, शिरच्छेद करा, एवढी रदबदली कॅल्व्हिनने केली. तीही मानली गेली नाही.

हे वाचून ‘पाहा, प्रोटेस्टंटांनी काय केले’ असे कुणाला वाटले तर थोडे थांबावे. त्याआधी काही महिने फ्रान्समधील व्हिएन्न गावी आपल्याच कॅथलिक अधिकाऱ्यांनी सर्वेटसला कैद केले होते. तो निसटला, म्हणून त्यांनी त्याचा पुतळा जाळला. आणि त्यानंतर सातच वर्षांनी, १५६० साली, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. ते कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडले. तेव्हा या प्रकरणात दगड उचलायला आपला हात मोकळा नाही.

शांपेलची शिळा १९०३ साली, साडेतीनशे वर्षांनी, कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी उभारली. आम्ही त्याचे कृतज्ञ पुत्र आहोत, तरीही या चुकीचा धिक्कार करतो; ती चूक त्याच्या शतकाची होती, अशा आशयाचा लेख तिच्यावर आहे.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आपल्या गुरूची चूक दगडावर कोरायला धैर्य लागते. पण ‘चूक शतकाची होती’ हे शब्द मला टोचत राहिले. शतक चूक करते का? शतकाला हात असतात का, सदसद्विवेक असतो का?

तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद आम्हाला शिकवला होता. सदसद्विवेकबुद्धी चुकीचे सांगत असली तरी माणूस तिच्याविरुद्ध जाऊ शकत नाही. पण म्हणून तो निर्दोष ठरतोच असे नाही. ज्या गोष्टीचे ज्ञान त्याला होणे शक्यच नव्हते, तिथे तो सुटतो. जे कळू शकत होते, पण त्याने कळून घेतले नाही, तिथे मात्र अज्ञान हीच त्याची चूक असते. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की एवढा बारीक भेद करणाऱ्या याच थोर संताने पाखंडी माणसाला देहदंड देणे योग्य मानले होते. मोठी बुद्धी आणि पवित्र जीवन असूनही माणसाला आपल्या काळाच्या भिंतीपलीकडचे दिसेलच असे नाही.

मग कॅल्व्हिनला कळणे शक्य होते का? त्याच्या बाजूने म्हणता येईल, की जिनिव्हाने इतर स्विस शहरांचे मत विचारले तेव्हा त्यांनीही सर्वेटसला दोषी मानले. पण त्याच काळात सेबास्तियन कॅस्टेलिओ नावाचा एक माणूस होता. एकेकाळी जिनिव्हातच शाळेचा मुख्य, पुढे कॅल्व्हिनशी न पटल्याने बाझेलला गेलेला. १५५४ साली त्याने टोपणनावाने पुस्तक काढून विचारले, की मतभेदासाठी माणूस मारणे ख्रिस्ताला मान्य होईल का? मताला उत्तर मताने द्यावे, अग्नीने नव्हे, हे त्याचे म्हणणे. कॅल्व्हिनला त्याने लिहिलेले उत्तर तो जिवंत असेपर्यंत छापलेच गेले नाही. १५६३ साली तो वारला. ते उत्तर १६१२ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे आवाज होता. तोही त्याच शतकाचा होता. ऐकायला नकार देण्यात आला. कॅल्व्हिनच्या अंतःकरणाचा न्याय परमेश्वर करील, तो आपला अधिकार नाही. पण ‘सगळेच तसे वागत होते’ ही सबब मात्र त्या एका माणसामुळे उरत नाही.

बापाच्या पापाचा दोष मुलावर येत नाही, असे यहेज्केल संदेष्टा शिकवतो. तरी १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमाबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. दोष वारशाने येत नसला, तरी घराण्याची आठवण येते, आणि ती खरी ठेवणे हे मुलांचे काम आहे. पण त्यात एक धोकाही आहे. संदेष्ट्यांच्या कबरी बांधणारे म्हणत, आम्ही पूर्वजांच्या काळी असतो तर त्यांना साथ दिली नसती; प्रभू येशूने त्यांना किती कठोर शब्द सुनावले, ते संत मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात वाचा. मेलेल्या संदेष्ट्याला शिळा उभारणे सोपे असते. जिवंत संदेष्टा शेजारच्या बाकावर बसलेला असतो, आणि तो बहुधा आपल्याला आवडत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एका गृहस्थाने सभेत हिशेबाबद्दल प्रश्न विचारला. त्याची भाषा जरा कडक होती. पुढच्या रविवारपासून लोक त्याच्याशी बोलेनात. त्याच्या मुलीच्या लग्नाला मोजकेच लोक गेले. मला हे दिसत होते. ‘गावची रीतच अशी आहे, आपोआप निवळेल,’ असे स्वतःला समजावून मी गप्प बसलो. त्याचा प्रश्न रास्त होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. शांपेलच्या त्या शिळेसमोर मला सर्वेटसच्या आधी तो गृहस्थ आठवला.

शहरेही बदलतात. ज्या जिनिव्हाने मतासाठी माणूस जाळला, तिथेच १८६३ साली रेड क्रॉसची समिती स्थापन झाली. तिच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांची लाखो कार्डे जपून ठेवली आहेत. कुणाचा मुलगा कुठे आहे, एवढेच शोधायचे. तो कोणत्या बाजूने लढला, हे पाहायचे नाही.

आपली नातवंडे उद्या आपल्याबद्दल काय म्हणतील? हुंडा, जातीवरून जुळवलेली आणि मोडलेली लग्ने, घरकामाच्या बाईला वेगळा कप, कुणाला टाकलेला बहिष्कार. ‘त्यांच्या काळाची चूक होती’ असे म्हणून ती आपल्याला माफ करतीलही. पण आपल्यातही कुणीतरी आज हे चूक आहे असे सांगत आहे. या आठवड्यात आपापल्या प्रार्थनेत त्या माणसाचा चेहरा आठवूया. आणि रविवारी मिस्सा संपल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलूया. मीही बोलणार आहे.

तुमचा,
फादर