सायकलीचा पाना कोणाच्या हाती

पावसाळा सुरू झाला की खामगावाभोवतालच्या काळ्या जमिनीतून येणाऱ्या शेतवाटांवर सायकलीची जी दशा होते, ती ज्याने पाहिली आहे त्याला निगा या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. कपाशीला पोसणारी तीच चिकट माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये थरावर थर बसत जाते, अखेर चाक फिरेनासे होते, आणि पिंपळगाव राजाच्या बाजूने शाळेकडे निघालेले पोर दप्तर सावरीत, काडीने ती माती उकरीत वाटेतच उभे राहते. पाऊस सरला की सराट्यांचे दिवस येतात. पुढे उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर चढला म्हणजे, ट्यूबचे रबर वाळून त्याला बारीक चिरा पडतात आणि बाभळीचा एखादा काटा उरलेले काम पुरे करतो.

दुरुस्ती आणि निगा यांत भेद आहे, आणि आपल्या व्यवहारात पहिलीला जेवढा मान आहे तेवढा दुसरीला नाही. वस्तू बंद पडली की आपण हातातले काम टाकून धावतो. परंतु जी वस्तू मुकाट्याने झिजत असते आणि अद्याप जिने कसलीही तक्रार केलेली नाही, तिच्याकडे आपण होऊन लक्ष देण्यास जे अवधान लागते, त्याची गणना मी नीतीत करतो. कपाशीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जिनिंगची यंत्रे उघडून, पुसून, वंगण घालून सिद्ध करण्याचा रिवाज ज्या गावाला परिचित आहे, आणि ज्या गावासाठी १८७० साली मुख्यतः कपाशीच्या वाहतुकीकरिता जलंबपासून रेल्वेचा स्वतंत्र फाटा आणला गेला, त्या गावातील घराघरांत सायकलीच्या वाट्याला मात्र उपेक्षा यावी, याचे मला वाईट वाटते.

घरी करावयाची कामे तशी अवघड नाहीत. पंक्चर काढताना ट्यूबचे छिद्र बुजवले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः घमेल्यातील पाण्यात बुडबुडा दिसल्यावर, ठिगळ लावण्यापूर्वी, टायरच्या आतील बाजूवरून बोटे हळूहळू फिरवून तो काटा शोधून काढला पाहिजे, नाही तर तोच काटा दुसऱ्या दिवशी तीच ट्यूब पुन्हा फोडतो. कित्येकदा ट्यूब निर्दोष असते आणि वॉलवरची रबरी नळी तेवढी जीर्ण झालेली असते. हवा भरून वॉलच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब ठेवला, की दोषाचा निवाडा तेथल्या तेथे होतो. साखळीला तेल द्यावे, पण दिल्यानंतर चिंधीने ती बाहेरून कोरडी पुसावी, कारण वर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि धूळमिश्रित तेल हे वंगणाचे काम सोडून घासकागदाचे काम करू लागते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सरळ असते तर पाय मारता मारता ते आपोआप सैल होत गेले असते. हे ठाऊक नसलेला मनुष्य उजव्याप्रमाणेच डावे पायडल सोडवण्यासाठी जोर करतो आणि ते अधिकच आवळून बसवतो. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढल्या चाकाला ३२ आणि मागल्या चाकाला ४० तारा असतात, कारण बसणाऱ्याचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा बहुतेक भार मागे पडतो. यांतील एखादी सैल झाली तर तिचा भार शेजारणींवर जातो, म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक तार चिमटीत दाबून पाहावी. चाकाची आऊट काढणे हे मात्र सवयीच्या हाताचे काम आहे. ते कारागिराकडेच सोपवावे आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

या सर्वांत ब्रेकचा विषय मी मुद्दाम निराळा काढतो. साखळी कुरकुरली, ट्यूब बसली, तर त्याचा त्रास ज्याचा त्यालाच होतो. ब्रेकचे तसे नाही. बाजाराच्या दिवशी गर्दीतून वाट काढीत रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेला, आपल्या दिशेने येणाऱ्या सायकलीच्या ब्रेकचे रबर किती झिजले आहे हे ठाऊक नसते, आणि ते जाणून घेण्याचा कोणताही उपाय तिच्यापाशी नसतो. तिच्या वतीने ती खातरजमा सायकलस्वारानेच घरून निघताना करावयाची असते. ज्याची आपल्याशी ओळख नाही, जो आपल्याला कधी जाब विचारणार नाही, त्याच्यासाठी पाना घेऊन पाच मिनिटे खाली बसणे हा परोपकाराचा सर्वांत साधा प्रकार आहे, आणि त्यात हयगय करणाऱ्याला मी निष्काळजी म्हणून सोडून देणार नाही. तो अन्याय करतो, असेच म्हणेन.

घरातील अशा खटपटीला क्षुद्र मानणाऱ्यांनी १८८८ हे साल आठवावे. बेलफास्ट शहरी जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉयड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून घरच्या घरी रबराची हवा भरलेली नळी चाकाला बसवून पाहिली होती, आणि त्या कल्पनेचे पेटंट त्यांनी त्या साली घेतले. त्याच साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह सायकलींचे दुकान घातले. लोखंडी नांगर आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी या पुढल्या गोष्टी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्या नावलौकिकाच्या मुळाशी सायकल होती, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहिले तिच्याकडे वळतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात, मागास ठरलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी सायकल मिळावी म्हणून अर्थसाहाय्य दिले जाते. खेड्यातील मुलीचे शिक्षण अंतरामुळे तुटू नये, हा त्यामागील हेतू उदात्त आहे आणि अशा सायकलींनी मुलींना दिलेले स्वातंत्र्य कोणत्याही भाषणाहून मोठे आहे. परंतु आपल्या घरांत पाना अजून मुलाच्याच हाती दिला जातो. मुलगी सायकल चालवते, पुसते, तिला हळदकुंकू लावते; ट्यूब बसली की मात्र भावाची वा वडिलांची वाट पाहते, आणि ते शेतात असले तर त्या दिवशी शाळा बुडते. पुढे पंक्चर काढून आणण्याची दिरंगाई आठवड्यावर जाते, दोन्ही टायर बसलेली सायकल भिंतीला टेकून राहते, आणि सरकारी दप्तरात सायकल दिल्याची नोंद असूनही ती मुलगी पुन्हा पायी चालू लागते. जे साधन बंद पडताच दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते, त्याने दिलेले स्वातंत्र्य अपुरेच म्हटले पाहिजे. हात काळे होतील, बोटाला खरचटेल, ही सबब आईबापांनी मनातून काढून टाकावी. चुलीपुढे भाजणाऱ्या बोटांची चिंता ज्या घराने कधी केली नाही, त्या घराला ही सबब सांगण्याचा अधिकार नाही.

यासाठी फार मोठा सरंजाम लागत नाही. खामगावातील आणि तालुक्यातील शाळांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर एक तास राखून ठेवावा. दोन पाने, पंप, ठिगळे, सोल्यूशनची नळी, पाण्याचे घमेले आणि एक जुने चाक एवढी सामग्री पुरे. शिकवण्यासाठी गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरास सन्मानाने बोलवावे, त्याला खुर्ची द्यावी, विद्यार्थ्यांनी त्याला गुरुजी म्हणावे. आपल्या धंद्याचे ज्ञान फुकट वाटले तर गिऱ्हाईक कमी होईल, ही त्याची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर कोरड्या आभारांनी देता येणार नाही. त्याच्या मानधनाची तजवीज शाळेच्या जमाखर्चात स्वतंत्र रकान्याने व्हावी, आणि छर्रे बदलणे, आऊट काढणे, फ्रीव्हील उघडणे ही जी कामे मुलींच्या हातची नाहीत, ती त्याच्याच दुकानी पाठवण्याचा परिपाठ शाळेने ठेवावा.