उरलेल्याचा हिशेब

रोडपालीच्या पलीकडे तळोजा एमआयडीसी. तिथे मी स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांच्या ब्राइट अ‍ॅनिलिंग भट्टीवर नोकरी केली. भट्टीला हायड्रोजन लागतो, तोही कोरडा आणि शुद्ध. त्यात जराशी ओल शिरली की नळीची चकाकी जाते, निळसर झाक येते आणि माल परत. शुद्धतेचं मोल मला असं हातानं कळलेलं आहे. म्हणूनच एक प्रश्न सुटत नाही: एक गोष्ट शुद्ध करताना मागे जे उरतं, ते कुणाच्या वाट्याला जातं?

हायड्रोजन गाळण्याची सगळ्यात सुंदर रीत पॅलेडियम धातूच्या पातळ पत्र्याची, म्हणजे मेम्ब्रेनची. या पत्र्याला भोकं नसतात. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो, त्याचे अणू धातूत विरघळून आरपार सरकतात आणि पलीकडे पुन्हा जोडीनं बाहेर पडतात. दुसऱ्या कुठल्याच वायूला ही वाट जमत नाही. पॅलेडियम आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतं, हे थॉमस ग्रॅहॅमनं 1866च्या सुमारास दाखवलं. पण नुसतं पॅलेडियम त्यानं फुगतं, तडकतं. म्हणून त्यात साधारण 23 टक्के चांदी मिसळतात. शुद्ध वायू हवा, तर धातूनं आधी मिसळायला तयार व्हावं लागतं! सोवळं पाळणाऱ्या घरात मी वाढलो, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मग सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केलं. माणसांना बाहेर ठेवून मिळवलेल्या त्या शुद्धीला मी धर्म म्हणत नाही.

कारखान्याची शुद्धताही याच कसोटीवर घासावी. ऑगस्ट 2017मध्ये तळोज्यातले भटके कुत्रे निळे झाले, कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्यामुळे. पॅलेडियमचंही तसंच. ते मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येतं. रशियातल्या नोरिल्स्कजवळची दल्दिकान नदी सप्टेंबर 2016मध्ये धातू कारखान्याच्या गळतीनं लाल झाली होती. आपल्याकडच्या हायड्रोजनसारख्या स्वच्छ इंधनासाठी तिकडची नदी लाल होणार असेल, तर ते सोवळंच, फक्त नव्या कपड्यातलं.

म्हणून व्हॅनेडियम आणि नायोबियमच्या मिश्रधातूंवरचं काम मला महत्त्वाचं वाटतं. हायड्रोजन त्यांच्यातून पॅलेडियमपेक्षाही वेगानं जातो. मात्र पृष्ठभागावर ऑक्साइड धरतो आणि धातू ठिसूळ होतो. ऑस्ट्रेलियातल्या ‘सीएसआयआरओ’ या संशोधन संस्थेनं व्हॅनेडियमच्या नळीवर पॅलेडियमचा नुसता पातळ थर देऊन 2018मध्ये अमोनियापासून काढलेल्या हायड्रोजनवर मोटारी चालवून दाखवल्या. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही व्हॅनेडियमच्या मिश्रधातूंचा अभ्यास झाला आहे. महागडा धातू इतका कमी लागणं, हे मी पुण्याचंच काम मानतो.

तरी तेवढ्यानं हिशेब पुरा होत नाही. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मेम्ब्रेन वापरलं, तर तो अलीकडच्या बाजूला दाबाखाली एका जागी उरतो. पकडायचा तर तिथेच सोपा. सोडून दिला, तर सगळ्यांच्या डोक्यावर.

तुमच्या भागात हायड्रोजनच्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली, तर जरूर जा आणि दोन प्रश्न विचारा: मेम्ब्रेनचा धातू कुठल्या खाणीतून आणणार, आणि उरलेला वायू कुठे सोडणार? उत्तरं लेखी मागून घ्या.