मीखलला मूल होतं की नव्हतं?

आजचं वाचन: २ शमुवेल ६:१६-२३ आणि २१:८



सहाव्या अध्यायाच्या शेवटी लिहिलंय की शौलाची मुलगी मीखल हिला मरेपर्यंत मूल झालं नाही. एकविसाव्या अध्यायात, प्रचलित हिब्रू मजकुरात, तीच मीखल पाच मुलांची आई आहे. पुस्तक एकच!

मी सॉफ्टवेअरवाला. दोन नोंदी जुळल्या नाहीत की मला चैन पडत नाही. पण ही विसंगती मी कुतूहलाने शोधली नव्हती. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. गेल्या वर्षी प्रार्थनासभेनंतर एकजण माझ्या पत्नीला म्हणाल्या, "मीखलचं काय झालं ते वाच. काही लपलेलं पाप असेल तर कबूल कर." त्या रात्री रागातच बायबल उघडलं, २१:८ सापडलं, आणि बग सापडावा तसा आनंद झाला.

उत्तर तसं अवघड नाही. त्या पाच मुलांचा बाप अद्रिएल. १ शमुवेल १८:१९ सांगतं की अद्रिएलची बायको मेरब, म्हणजे मीखलची थोरली बहीण. काही हिब्रू हस्तलिखितांत आणि सिरियाक भाषांतरात २१:८ मध्येही मेरबच आहे. नक्कल करताना नाव बदललं असावं.

तल्मूडमधले रब्बी मात्र वेगळं सांगतात: जन्म मेरबने दिला, वाढवलं मीखलने, म्हणून मुलं तिच्या नावावर लागली. मूळ शब्द 'जन्म दिला' असाच असल्याने मला हे ओढूनताणून वाटायचं. मग मावशी आठवली.

दाभोसा म्हटलं की तुम्हाला धबधबा आठवेल. मला आजोळ आठवतं. तिथे माझ्या दोन मावश्या. थोरलीला मूल नाही. धाकटी आणि तिचा नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. चार मुलं थोरलीकडे. शाळेत नाव घालायला तीच गेली, म्हणून रजिस्टरमध्ये आईच्या रकान्यात तिचं नाव. जन्माच्या दाखल्यावर धाकटीचं. पुढे जातीच्या दाखल्यासाठी कागद जुळेनात. साहेबांनी विचारलं, "यांची आई कोण?" थोरलीने धाकटीकडे बोट केलं, धाकटीने थोरलीकडे.

दोघींपैकी खोटं कोण बोललं?

हे सगळं मी पत्नीला उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "ते ठीक आहे. पण मीखलला देवाने शिक्षा केली होती का?"

मी पुन्हा वाचलं. दावीद कराराच्या कोशापुढे नाचला, मीखल त्याला टोचून बोलली, त्याने उलट उत्तर दिलं. पुढे एवढंच, की तिला मूल झालं नाही. का, ते लिहिलेलं नाही. देवाने शिक्षा दिली असंही नाही. कदाचित त्या भांडणानंतर नवराबायको एकत्र आलेच नसतील. आता १ शमुवेल १:५ पाहा. परमेश्वराने कूस बंद केली, असं तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि ते हन्नाबद्दल! जिच्या प्रार्थनेवर आपण उपदेश करतो ती हन्ना. लूक १:६-७ मध्ये जखऱ्या आणि अलीशिबा दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान, आणि तरी मूल नाही. मग मूल नसणं हा पापाचा पुरावा कसा?

हन्नाला शमुवेल मिळाला, अलीशिबेला योहान. मीखलला तसं काही मिळालं नाही. ती पाच मुलंही पुढच्याच वचनात मारली जातात. ती मीखलने वाढवली असतील, तर रडलीही असेल. शास्त्र तिच्या गोष्टीला गोड शेवट जोडत नाही. म्हणून "पुढच्या वर्षी पाळणा हलेल" असं वचन मीही तुम्हाला देणार नाही. आम्हाला ते ठाऊक नाही.

जे लिहिलंय तेवढंच सांगतो. देवाने जिथे कारण लिहिलं नाही, तिथे आपण कोणाच्या दुःखावर ते लिहू नये. आज कोणाला वचन पाठवण्याआधी त्याच्या मागचापुढचा अध्याय वाचा. आणि तुमच्याही घरी अशी मावशी असेल, तर तिला आज फोन करा.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या रिकाम्या रकान्यांसमोर तू आमच्यासोबत बस. आमच्या जिभेला आवर घाल. आमेन.