पाठकोरा कागद

नातीचं जीवशास्त्राचं पुस्तक पिवळंधमक झालं होतं. हृदयाच्या धड्यातली एकही ओळ हायलायटरमधून सुटली नव्हती. "आजी, चारदा वाचलंय. सगळं येतंय मला."

आजीनं जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. जिना चढून आल्यानं तिला धाप लागली होती. जरा टेकून तिनं एका जुन्या लग्नपत्रिकेचा पाठकोरा भाग पुढे सरकवला. "पुस्तक मीट. हृदयात आलेलं रक्त परत शरीरात कसं जातं, पाच ओळींत लिही."

उजवी कर्णिका, त्रिदली झडप, उजवी जवनिका... आणि पेन अडलं. नातीनं कसंबसं लिहिलं, 'फुप्फुसशिरेतून फुप्फुसाकडे.' पुस्तक उघडलं तर चूक! फुप्फुसाकडे जाते ती धमनी, आणि धमनी असूनही तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी. शीर ऑक्सिजन घेऊन डाव्या कर्णिकेत परत येते. नेमक्या याच ओळीवर पिवळा रंग दोनदा फिरला होता.

"म्हणजे मला काहीच येत नाही," नातीचे डोळे भरले.

"येतं की! कुठं अडतं ते आज कळलं. उद्या परत लिही, मग तीन दिवसांनी."

न बघता लिहून काढलेलं टिकतं, हे आजीला मुलांच्या पाट्यांनी शिकवलं होतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही तेच दिसलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर न बघता लिहून काढणारे पुढे. त्या पाच मिनिटांच्या भरवशावर किती पोरं पुस्तक मिटून निर्धास्त झोपतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दोन महिन्यांत नातीच्या अशा पाठकोऱ्या चिठ्ठ्यांनी डबा भरला. आजीची धापही वाढली. तपासणीत निघालं, मायट्रल व्हॉल्व्ह गळतोय.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर आजीनं विचारलं, "हा असतो कुठं गं?"

नातीनं औषधाच्या पावतीमागं भराभर चार कप्पे काढले. "ही डावी कर्णिका, खाली डावी जवनिका. मधली द्विदली झडप, तोच मायट्रल. जवनिका आवळली की ती घट्ट मिटायला हवी. तुझी मिटत नाही, म्हणून थोडं रक्त मागं फिरतं, फुप्फुसावर ताण येतो आणि तुला धाप लागते."

आजीनं चित्र नीट न्याहाळलं. मग पावती पालथी घातली आणि पिशवीतून दुसरा कागद काढला.

"पेन दे. आता मी काढते."