देहावरची खूण

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या श्रीरामपुरात इतिहास शिकवीत असता एका मुलाने तो भर वर्गात काढला, आणि मुलांना पडलेले प्रश्न थोरांनी टाळू नयेत असे माझे मत आहे.

नेताजी पालकरांना औरंगजेबाने १६६७ साली मुसलमान केले, मुहम्मद कुलीखान हे नाव दिले आणि काबूलकडे धाडले. १६७६ साली ते परतले. शिवाजी महाराजांनी प्रायश्चित्त देऊन त्यांना स्वधर्मात घेतले. मुलाने विचारले, "गुरुजी, नाव बदलता येते, पण सुंतेचे काय?" वर्ग हसला. मी म्हणालो, "महाराजांनी ती अट घातली नाही."

ही खूण पुसण्याची धडपड मात्र फार जुनी आहे. इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास जेरुसलेमात ग्रीक धर्तीची व्यायामशाळा निघाली. तेथे कसरत उघड्या अंगाने. तेव्हा काही यहुदी तरुणांनी आपली सुंता झाकण्याचा उद्योग केला. पुढे पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने त्याची शस्त्रक्रियाच लिहून ठेवली. उरलेली कातडी सोडवून पुढे ओढायची आणि जखम भरेपर्यंत जागेवर राखायची. आजच्यासारखी भूल तेव्हा नव्हती, हे ध्यानात घ्यावे! उलट आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांनी, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, आठव्या दिवसाची सुंता शतकानुशतके निष्ठेने जपली.

आज काही पुरुष शस्त्रावाचून हे करतात. उरलेली कातडी रोज काही तास हाताने, चिकटपट्टीने किंवा लहानशा साधनाने हलकेच ताणून ठेवायची. सततच्या ताणाने कातडीत नव्या पेशी होतात. भाजलेल्या रोग्यासाठी कातडी वाढविताना शल्यविशारदही हाच गुण वापरतात. काम वर्षांचे आहे, आणि घाई केली की इजा होते. टोक पुन्हा झाकले जाते, मऊ पडते; कित्येकांना समाधान लाभते. परंतु कापला गेलेला, मज्जातंतूंनी भरलेला भाग उगवत नाही. जे मिळते ते नवे पांघरूण.

मग हा वेडेपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. सुंता करणारे आईबाप प्रेमानेच करतात, आणि बहुतेकांना ती पुढे आपलीच वाटते. आपणही तान्ह्याचे कान टोचतोच की. मात्र ते भोक बुजू शकते. ज्याला ती आपली वाटत नाही, त्याला "विसर आता" म्हणणे सोपे आहे, कारण देह त्याचा आहे. त्याला कातडीपेक्षाही न विचारले गेल्याचे शल्य असते, आणि ते शल्य दुसऱ्याने मोजू नये.

महाराजांनी नेताजींना जे समाजाच्या हाती होते ते सारे परत दिले: धर्म, नाव, आपल्या माणसांतली जागा. पण नऊ वर्षांनी आपल्या मुलखात आलेला तो सरदार एकटा स्नानाला बसला असेल तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, हा विचार मला अजून सोडीत नाही.