विकतचे अन्न आणि मापातले पाप

पैसे मोजून घेतलेले जेवण निकृष्ट निघाले आणि वर त्याचा दाम अवाच्या सवा असला, तर ती नुसती गैरसोय की त्यात काही अधर्मही घडला, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. मराठी घरांत मुलांना फार लवकर शिकवले जाते की अन्नाला नावे ठेवू नयेत. पानात पडेल ते मुकाट्याने खावे, टाकू नये, जेवणापूर्वी हात जोडावेत. ही शिकवण घेऊन माणूस गावातल्या छोट्या खाणावळीत बसतो आणि समोर पाणचट आमटी, चामट पोळी आणि भरभक्कम बिल येते. तेव्हा तक्रार करणे हा अन्नाचा अपमान ठरतो, की तो अपमान वाढणाऱ्याने आधीच केलेला असतो? याचे उत्तर देण्यासाठी तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात: शिजवलेले अन्न विकणे मुळात योग्य आहे का, त्याचा न्याय्य दाम कशाला म्हणावे, आणि जेवणाऱ्याने काय करावे.

अन्न विकावे का?

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू हा पुत्र वरुणाकडे, म्हणजे आपल्या पित्याकडे, ब्रह्माचे ज्ञान मागतो. तप करून त्याच्या हाती येणारे पहिले उत्तर अन्न हे असते. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या चढतो. विशेष म्हणजे आनंदापर्यंत पोहोचल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि व्रते सांगते: अन्नाची निंदा करू नये, ते अव्हेरू नये, ते पुष्कळ करावे, आसऱ्याला आलेल्या कोणालाही माघारी धाडू नये. यातली पहिली दोन व्रते जेवणाऱ्याकडे बोट दाखवतात. शेवटची दोन अन्न सिद्ध करणाऱ्याकडे. लोकांच्या तोंडी राहिले ते मात्र पहिलेच.

धर्मशास्त्राने अन्नविक्रयाकडे संशयाने पाहिले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, संकटकाळी व्यापारावर जगण्याची वेळ आलेल्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी येते. तीळ, मीठ यांच्याबरोबर शिजवलेले अन्नही त्या यादीत आहे. परंतु हा निर्बंध एका वर्णापुरता होता. समाजात शिजवलेले अन्न विकले जातच होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार सांगताना शिजवलेला भात विकणारे आणि शिजवलेले मांस विकणारे यांचा उल्लेख आहे. ओळखीच्या माणसांना त्यांनी उतरू द्यावे, अशी तिथे तरतूद आहे. म्हणजे खाणावळीची मुळे दोन हजार वर्षांइतकी जुनी आहेत.

अन्नविक्रयाकडे तुच्छतेने पाहण्यामागे शुद्धाशुद्धतेचा आणि जातीचा विचार होता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, हे जन्मावरून ठरत असे. या बंदोबस्ताला विकतच्या अन्नाने तडा दिला. तो तडा एका दिवसात गेला नाही. जुन्या हॉटेलांतून दलितांना वेगळ्या कपबश्या ठेवल्या जात, दाराबाहेर बसवले जाई. म्हणूनच भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने आणि हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. जो पैसे देईल त्याला पान मिळेल, हा साधा व्यवहार इथे समतेचे साधन बनतो. तेव्हा अन्न विकणे हे पाप मानण्याला आज आधार उरत नाही. आसऱ्याला आलेल्याला माघारी धाडू नये, हे उपनिषदातले व्रत परगावच्या, एकट्या, बिऱ्हाड नसलेल्या माणसासाठी आज बहुतेक वेळा खाणावळच पाळते. प्रश्न उरतो तो विकण्याच्या रीतीचा.

न्याय्य दाम

दामाला मर्यादा असावी, हे जवळजवळ सर्व परंपरांनी मान्य केले आहे. कौटिल्याने देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० इतका नफा ठरवून दिला. याज्ञवल्क्यस्मृतीतही हेच प्रमाण आहे. मनूने दर पाच दिवसांनी किंवा पंधरवड्याने भाव ठरवण्याचे आणि दर सहा महिन्यांनी वजनेमापे तपासण्याचे काम राजावर टाकले. हे आकडे तयार मालाच्या खरेदीविक्रीचे आहेत. स्वयंपाकात श्रम, सरपण आणि हातची कला मिसळते, त्यामुळे ते थाळीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यामागचे तत्त्व मात्र लावता येते: नफा खर्चाशी बांधलेला असावा, समोरच्याच्या अगतिकतेशी नव्हे.

हेच तत्त्व तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने फार नेमके मांडले. एखादी वस्तू देताना विकणाऱ्याचे स्वतःचे काही विशेष नुकसान होत असेल, तर तो जास्त दाम मागू शकतो. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे, एवढ्याच कारणाने त्याने दाम वाढवू नये. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. रात्री एसटी जिथे थांबते तिथल्या हॉटेलात हा विचार लगेच पटतो. गाडी वीस मिनिटे थांबणार, आजूबाजूला दुसरे दुकान नाही, कडेवर मूल भुकेले आहे. अशा वेळी थंड पडलेल्या राइस प्लेटवर चढवलेले जास्तीचे रुपये हे अन्नाचे नसतात. ते त्या मुलाच्या भुकेचे असतात.

ज्यू धर्मशास्त्राने याच प्रश्नाला मोजपट्टी लावली. मिश्ना या ग्रंथात दामातली एक षष्ठांश फसवणूक ही दाद मागण्याची रेषा मानली आहे. घेतलेली वस्तू एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला किंवा नातलगाला दाखवता येईल, इतका अवधीही घेणाऱ्याला दिला आहे. आणि इथेच जेवणाचे वेगळेपण उघड होते. लुगडे उलगडून पाहता येते, तांदूळ तळहातावर घेऊन दाताखाली फोडता येतो, भांडे वाजवून घेता येते. जेवण मात्र खाल्ल्याखेरीज कळत नाही आणि खाल्ल्यावर परत करता येत नाही. दाम आधी ठरतो, प्रत नंतर कळते. घेणाऱ्याला पारखण्याची संधीच नसल्यामुळे प्रामाणिकपणाचे सारे ओझे विकणाऱ्यावर येते. अन्नविक्रयाची नीती इतर व्यापारापेक्षा कडक असायला हवी, ती या कारणासाठी.

मापात पाप

मराठीत अशा लबाडीला नेमका शब्द आहे: मापात पाप. जैन आचारशास्त्राने त्याचे दोन भाग केले आहेत. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. कमीजास्त वजनमापे वापरणे हा त्यांतला एक, आणि अस्सल म्हणून नकली किंवा भेसळीचा माल देणे हा दुसरा. दोन्ही चोरीच्या सदरात येतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणाच्या घरात न शिरता, उजेडात, हसतमुखाने केलेली ही चोरी होय.

खाणावळीत हे दोन्ही दोष एका आमटीच्या वाटीत दिसू शकतात. नीट शिजवून घोटलेल्या तुरीच्या डाळीची वाटी कलती केली, तर डाळ सावकाश सरकते आणि भातावर ओतली तर भाताला धरून राहते. दुपारी एकच्या गर्दीत अशी डाळ वाढली जाते. दोन वाजता पातेले तळाला जाते आणि गिऱ्हाईक अजून येतच असते. मग पातेल्यात आधणाचे पाणी पडते, पातळपणा लपावा म्हणून तिखटमीठ वाढते, वरून फोडणीचा तवंग सोडला जातो. वाटी तेवढीच, दामही तेवढाच; पण ती जरा वेळ ठेवली की वर पिवळे पाणी आणि तळाशी डाळीचा साका दिसू लागतो. पाणी वाढवणे हे स्वतः पाप नाही. गरिबाच्या घरी पाहुणा आला की आमटीत पाणी वाढतेच, आणि त्यात वात्सल्य असते. तिथे जे आहे ते सर्वांत वाटले जाते आणि कोणी काही लपवत नाही. खाणावळीत तेच पाणी तवंगाखाली झाकून पूर्ण दामाला विकले जाते, म्हणून ती लबाडी ठरते.

इस्लामी परंपरेतली एक प्रसिद्ध हदीस याच मुद्द्यावर आहे. प्रेषित मुहंमद बाजारात धान्याच्या एका राशीत हात घालतात आणि बोटांना ओल लागते. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा प्रश्न ते त्याला करतात. धान्य भिजण्याचा दोष विक्रेत्याचा नव्हता. ते खाली दडवण्याचा होता. खाणावळीलाही हाच न्याय लावता येतो. भाजी महागली म्हणून फ्लॉवरच्या भाजीत बटाटाच जास्त पडला, तर तसे फळ्यावर लिहावे. सकाळची भाजी संध्याकाळी नवे वाटण लावून ताजी म्हणून देऊ नये. दरपत्रकात नसलेला आकार बिलात घालू नये. या शेवटच्या बाबतीत कायदाही पुढे आला आहे: ग्राहकाला न विचारता बिलात सेवा शुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली.

खाणावळवाल्याची बाजू

चढा दाम म्हणजे हावच, असे मानणे अन्यायाचे होईल. जागेचे भाडे, व्यावसायिक गॅसची टाकी, तेल, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी, गिऱ्हाईक न आल्याने वाया गेलेले अन्न, हे सारे त्या एका थाळीतून भरून निघावे लागते. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू केली. थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. जेवणाऱ्याला ती १० रुपयांत मिळे, पण शासनाने तिची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. फरक सरकारी तिजोरीतून दिला जाई. स्वस्त अन्नाची उरलेली किंमत कोणीतरी भरतच असते: कुठे सरकार, अन्नछत्रात भाविक, आणि पुष्कळदा चुलीपाशी राबणारी बाई.

मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची कथा हेच सांगते. कामगारांचे पैसे पगार झाल्यावर येत, किराणा मात्र आधी भरावा लागे. मधले दिवस सावकाराच्या कर्जावर निघत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याआधी कामगाराच्या ताटात जे कमी पडत असेल, त्यात सावकाराचे व्याजही होते. म्हणून दाम जास्त असणे आणि दाम अन्यायाचा असणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. खर्च वाढला म्हणून उघडपणे दहा रुपये वाढवणारा खाणावळवाला सचोटीने वागतो. जुना दाम तसाच ठेवून हात राखून वाढणारा सचोटी सोडतो, मग त्याचा फळा कितीही स्वस्त दिसो.

जेवणाऱ्याचे कर्तव्य

अन्नाची निंदा करू नये, हे व्रत जेवणाऱ्याच्या जिभेला वळण लावण्यासाठी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही अन्नाचा मान राखून, त्याला नावे न ठेवता जेवावे असे सांगितले आहे. पण विकत घेतलेल्या जेवणात दोन नाती असतात: एक अन्नाशी, दुसरे विकणाऱ्याशी. पहिल्या नात्यात कृतज्ञता हवी, कारण त्या ताटात शेतकऱ्याचा घाम आहे आणि त्याने आमटीत पाणी घातलेले नाही. दुसऱ्या नात्यात सत्य हवे. पहिल्या नात्याची शिकवण दुसऱ्यावर पांघरली, तर जेवणाऱ्याचा संयम लबाडीची ढाल होतो. पानातले चिवडून टाकणे, थाळी ढकलून देणे हा अन्नाचा अपमान आहे. गल्ल्यापाशी जाऊन मालकाला शांतपणे आमटी पातळ होती असे सांगणे हा नाही. उलट, अन्नाविषयी ज्याला खरा आदर आहे त्यालाच ते बिघडवले गेल्याचे दुःख होते, आणि त्याने बोललेच पाहिजे.

या बोलण्यालाही मर्यादा आहेत. वाढणाऱ्या पोऱ्यावर ओरडू नये; पाणी त्याने घातलेले नसते आणि दामही त्याने ठरवलेला नसतो. एका दिवसाच्या बिघाडाला कायमचा खोटेपणा म्हणू नये. घडले तेवढेच सांगावे, कारण छोट्या खाणावळीचे नाव हेच तिचे भांडवल असते आणि वाढवून केलेली तक्रार हेही मापातले पापच आहे. सांगूनही सुधारणा झाली नाही, तर सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला मार्ग मोकळा आहे.

तुलाधाराचा तराजू

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा येते. तो इतका निश्चल उभा राहतो की त्याच्या जटांत पक्षी घरटे करतात. आपल्यासारखा धर्मनिष्ठ कोणी नाही असा त्याला गर्व होतो, आणि त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागते. तुलाधार दुकानात बसून माल विकत असतो. आपला तराजू सर्वांना सारखा आहे, आपण कपट न करता विकतो, हाच त्याचा धर्म. व्यापारात राहून धर्म पाळता येतो, इतकेच ही कथा सांगत नाही. तपस्व्याने तो व्यापाऱ्याकडून शिकावा, असे ती सांगते.

खाणावळीत तराजू नसतो, पळी असते. एकच्या गर्दीतल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला आणि अडीच वाजता आलेल्या परक्या प्रवाशाला एकाच दामात एकाच दाटीची आमटी ज्या पळीतून पडते, तिथे अन्न विकले गेले तरी त्याचा मान राखला जातो. जिथे ती पळी माणूस आणि वेळ पाहून हलकी होते, तिथे अन्नाला नावे न ठेवता पळी धरणाऱ्याला जाब विचारणे, हे अन्नाविषयीच्या व्रताचेच पालन आहे.